नवसागराचा वास

कल्हई लावताना जो वास सुटतो तो ज्यांनी एकदा घेतला आहे त्यांना समजावून सांगावा लागत नाही, आणि ज्यांनी घेतलेला नाही त्यांना तो कसा समजावून सांगावा हे मला अजून उमगलेलं नाही. तापलेल्या पितळेवर नवसागराची पूड पडते, भस्सकन पांढरा धूर उठतो, आणि तो धूर नाकात न रेंगाळता थेट डोळ्यांच्या मागे कुठेतरी जाऊन झोंबतो. तिखट म्हणावा तर तिखट नाही, आंबट म्हणावा तर आंबट नाही. त्यात कोळशाची धग असते, धातूचा कढत उग्रपणा असतो, भात्याच्या जुन्या चामड्याचा दर्प असतो, आणि या सगळ्यांच्या तळाशी, का कोण जाणे, सणाची चाहूल असते. लहानपणी आम्ही मुलं त्या धुरात मुद्दाम उभी राहायचो. डोळ्यांना धार लागायची, आणि त्या पाण्याआडून दिसायचं ते पातेलं: मघापर्यंत आतून काळंपिवळं होतं, ते आता लख्ख पांढरं, कुणाचीही नजर ठरू नये इतकं.

यंदाच्या उन्हाळ्यात, शनिवार पेठेतल्या आमच्या वाड्याच्या माजघरात, भर दुपारी मला तो वास आला. भट्टी नव्हती, धूर नव्हता. माळ्यावरून उतरवलेली पितळी भांडी तेवढी फरशीवर पसरली होती आणि मी त्यांतल्या एका पातेल्याच्या आत डोकावून पाहत होते. त्या पातेल्याला कल्हई लागून किती वर्षं उलटली असतील! तरी आला. मग मी बराच वेळ तशीच बसून राहिले.

वाडा पाडायचा ठरला आहे. त्याबद्दल फार बोलण्यासारखं नाही. नदीकडच्या अंगाचे बहुतेक वाडे गेले, आमचा थोडा उशिरा जातो आहे इतकंच. भिंती फुगल्या आहेत, जिना एका बाजूला खचला आहे, पावसाळ्यात रात्री दादाला झोप लागत नाही. नवं घर चांगलं आहे. उजेड आहे, वारा आहे. फक्त स्वयंपाकघरातल्या ट्रॉल्या वीतभर उंचीच्या आहेत, आणि आजीच्या सगळ्यांत लहान पातेल्याचाही काठ त्यांच्यात अडतो.

वहिनी फार समजूतदार. तिने खडू घेऊन माजघराच्या फरशीवर तीन मोठे चौकोन आखले. ठेवायचं, विकायचं, द्यायचं. पहिल्या दिवशी त्या चौकोनांनी फार सुरेख काम केलं. प्लास्टिकचे डबे, कान तुटलेले कुकर, गाद्या, लोखंडी कॉट, मिक्सरची जुनी भांडी, कुणी कधी न उघडलेले काचेचे सेट, दिवाळीत येऊन तसेच राहिलेले ट्रे, हे सगळं आपापल्या जागी सरसर जाऊन बसलं. हातांना विचार करावा लागला नाही. ज्या वस्तू दुकानातून थेट आपल्याकडे आल्या, ज्यांना आपल्याआधी कुणाचा हातच लागला नव्हता, त्यांना निरोप देणं सोपं जातं.

दुसऱ्या दिवशी माळ्यावरून पितळ उतरलं, आणि ते चौकोन ओसाडच राहिले.

काय काय उतरलं म्हणून सांगू! हंडे, कळश्या, घंगाळ, परात, सतेली, एकात एक बसणारी तपेली, दांड्याचं ओगराळं, झारे, सोऱ्या, पुरणयंत्र, मोदकपात्र, आजोबांचा पानाचा डबा आणि त्यातला अडकित्ता, तळपायांना तूप लावून घासायची काशाची वाटी, आणि सगळ्यांच्या मागून दोघांनी मिळून धरलेला तांब्याचा बंब. एकेक भांडं खाली येताना माळ्याच्या फळीवर घासून जायचं, आणि तो आवाज सगळ्या घराला ओळखीचा होता. दारात उभ्या असलेल्या ताईआत्याने न बघता सांगितलं, "ती परात. पुरणाची." ताईआत्या ऐंशी पार केलेली. तिची दृष्टी आता अधू आहे. कान मात्र वाड्याइतकेच जुने आणि वाड्याहून धड.

आमच्याकडे दिवाळीआधी कल्हईवाला हमखास यायचा. चौकातल्या हौदाजवळची जागा त्याची ठरलेली. तो जमिनीत हातभर खड्डा करी, त्यात भात्याची नळी बसवी, कोळसे पेटवी. त्याच्याबरोबर माझ्याच वयाचा एक मुलगा असे. मोठ्या पातेल्यात वाळू आणि चिंध्या टाकून तो अनवाणी पायांनी आत उभा राही आणि भिंतीला हात टेकून कमरेतून गरागरा डावीउजवीकडे फिरे, म्हणजे पातेलं आतून घासून निघे. मला त्या मुलाचा हेवा वाटायचा. त्याचे पाय पोळत असतील, सोलत असतील, हे त्या वयात मनात आलं नाही. आता पातेलं हातात घेतलं की आधी तेच मनात येतं.

आजी पाटावर बसून सगळं बघायची. काम सुरू व्हायच्या आधी ती कथलाची कांडी मागून घ्यायची, दोन्ही हातांनी जराशी वाकवायची आणि कानाशी न्यायची. शुद्ध कथील वाकताना आतून बारीक कुरकुरतं. शिसं मुकाट वाकतं. कुरकुर ऐकू आली की आजी मान हलवायची, आणि मग कुठे भाता चालू व्हायचा. एकदा तिने ती कांडी माझ्याही कानाशी धरली होती. तो आवाज म्हणजे... दूर कुठेतरी कुणीतरी कोरड्या पानांवरून एकच पाऊल टाकलं, आणि थांबलं.

मग सांडशीत धरलेलं भांडं आगीवर फिरू लागे. पुढे शाळेत वाचलं की कथील २३२ अंशांना वितळतं. कल्हईवाल्याला अंश ठाऊक नव्हते, पितळेचा रंग कसा पालटतो त्यावरून तो क्षण ओळखायचा. नवसागराची चिमूट, तो धूर, तो वास, कांडीचा एक ओझरता स्पर्श, आणि कापसाच्या बोळ्याचा एकच गोल हात. काळोखातून पांढरेपणा सरकत सरकत काठापर्यंत यायचा. आणि मग पाण्यात, चर्र! एवढा एक आवाज ऐकायला आळीतली सगळी पोरं आमच्या चौकात जमायची.

हे सगळं कशासाठी, तर ताक कळकू नये म्हणून, आमटी कळकू नये म्हणून. पितळेला आंबट सोसत नाही, त्या दोघांच्या मध्ये कथलाचा तो नखाहूनही पातळ पापुद्रा लागतो. तो झिजला की जेवण बाधायचं. घरातल्या बायकांचं निम्मं लक्ष त्या पापुद्र्यावर असे. कोणत्या भांड्याची कल्हई उडत आली आहे, कोणत्यात अजून चिंचेचं सार चालेल, कोणत्यात फक्त पाणी तापवायचं, हे आजी, आई, काकू यांना तोंडपाठ असायचं.

म्हणूनच आईने सत्तरच्या दशकात बरंचसं पितळ मोडीत घालून स्टील घेतलं, त्याचं मला कधी वाईट वाटलं नाही, आजही वाटत नाही. कार्तिकातल्या पहाटे चिंच आणि राखुंडी घेऊन हौदावर बसलेली आई मी पाहिली आहे. तिच्या बोटांच्या पेरांना पडलेल्या चिरा पाहिल्या आहेत, रात्री त्यांत भरलेलं आमसुलाचं तेल पाहिलं आहे. स्टीलची पहिली दहा ताटं घरात आली त्या दिवशी ती त्यांच्यावरून नुसता हात फिरवत होती. त्या झिलईत तिला काय दिसत असेल ते मला कळतं. आज पितळेच्या भांड्यांचं कौतुक दिवाणखान्यात मांडून होतं, होऊ दे. पण ती घासणारे हात विसरून झालेलं कौतुक मला सोसत नाही.

जे पितळ आईनेही मोडीत घातलं नाही ते आता आमच्यासमोर होतं. आणि प्रत्येकावर नाव होतं.

भांड्यांवर नाव घालायची रीत आता गेली. आधी छिन्नीने टिचत, नंतर मशीनने कोरत. जुनी नावं रांगोळीच्या ठिपक्यांसारखी, ठिपक्याला ठिपका जोडत काढलेली. डोळ्यांना ती पुसट दिसतात, बोटाला स्पष्ट लागतात. आम्ही ती बोटांनीच वाचत होतो. कुणाच्या लग्नात कोणी दिलं, कुणाच्या मुंजीतलं, मामांकडून, आत्याबाईंकडून, कुणाच्या स्मरणार्थ. आजीचं माहेरचं नाव मला ठाऊक होतं, पण ते कुठे लिहिलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. लग्नानंतर तिचं पहिलं नावही बदललं होतं. ते एका पाण्याच्या तांब्यावर निघालं. लग्नाआधी तिच्या वडिलांनी तिच्यासाठी घेतलेला तो तांब्या. तिच्या त्या पहिल्या नावाची जगात आता एवढीच एक जागा उरली आहे, आणि मोडवाला तिचं वजन करून पैसे देतो.

तो तांब्या मी माझ्याकडे ठेवला. विचारलंसुद्धा नाही कुणाला.

बंबाचं मात्र अवघड गेलं. तो आमच्या पणजोबांनी कसब्यातल्या तांबट आळीतून घेतलेला. त्याच्या अंगावर मठारकाम आहे: एकाशेजारी एक, ओळीने, हातोडीचे सारखे ठोके, खालपासून वरपर्यंत. ते केवळ शोभेचं नव्हे. ठोके खाऊन तांबं घट्ट होतं, पत्र्याला बळ येतं. पहाटे त्यात गोवऱ्या आणि करवंट्या पेटल्या की चौकभर धुराची निळसर चादर पसरे, आणि अभ्यंगाच्या दिवशी त्या धुरातून एकेक जण तोटीखाली बादली घेऊन जाई. आता पेटवायचा कुठे? सोसायटीच्या बाल्कनीत? जुन्या वस्तू घेणारे एक गृहस्थ येऊन गेले. सभ्य होते, भाव बरा सांगितला. या बंबात दिवा बसवला की हॉटेलच्या दर्शनी भागात फार शोभेल, असंही म्हणाले. दादा माझ्याकडे बघायला लागला. मी नाही म्हटलं. बंबाने पाणी तापवावं. तो अखेर भोरजवळ शेतावर राहणाऱ्या आमच्या मावसभावाकडे गेला, एक पैसाही न घेता. त्याच्या घरी अजून चुलीवर पाणी तापतं.

वहिनी मध्येच म्हणाली, केळकर संग्रहालयात विचारून पाहू का? बाजीराव रस्त्यावरच्या त्या संग्रहालयात आम्ही शाळेतून गेलो होतो. अडकित्ते, दिवे, पाण्याची भांडी, फणीकरंड्याच्या पेट्या, दरवाजे, सगळं कुणाच्या ना कुणाच्या घरातलं. दिनकर गंगाधर केळकर गावोगाव हिंडले आणि लोक मोडीत घालायला निघालेल्या वस्तू पदरमोड करून घेत गेले. हजारो वस्तू जमल्या, आणि त्या सगळ्यांना त्यांनी आपल्या लहानपणीच गेलेल्या मुलाचं, राजाचं नाव दिलं. शाळकरी वयात ते नाव मी नुसतं पाटीवर वाचलं होतं. स्वतःला मूल झाल्यावर एकदा पुन्हा गेले, तेव्हा दाराशीच पाय थबकले. एवढ्या भांड्याकुंड्यांत, एवढ्या दिव्यांत एक बाप काय मांडत होता?... आमच्या भांड्यांना तिथे जागा मागायची मला हिंमत झाली नाही. त्यांच्यात तसं दुर्मीळ काही नाही. ती फक्त आमची आहेत.

फक्त आमची, म्हणाले खरी. पण एक आमची नाही.

एकात एक बसवलेल्या तपेल्यांच्या चळतीत ती नव्हती. वेगळी, जुन्या धोतराच्या फडक्यात बांधून माळ्याच्या कोपऱ्यात ठेवलेली. मध्यम आकाराची पितळी तपेली. वहिनीने गाठ सोडली, गळ्याखालचं नाव बोटाने चाचपलं आणि म्हणाली, "हे कोण?" आमच्यापैकी कुणालाच ते नाव ठाऊक नव्हतं. ताईआत्याने हात पुढे केला, तपेली मांडीवर घेतली, तिच्या काठावरून अंगठा फिरवला, आणि म्हणाली, "ही पुरातली."

१२ जुलै १९६१. पानशेत फुटलं, मागोमाग खडकवासला, आणि मुठेचं पाणी पेठांत शिरलं. पुण्यातल्या जुन्या घरांत ही तारीख अजून शब्दांत सांगावी लागत नाही. काही भिंतींवर पाण्याची रेघ आहे, आणि जिथे रेघ नाही तिथे माणसं हात वर करून दाखवतात, इथपर्यंत. आमच्या वाड्यात ते माळ्याला लागलं होतं. आजीने देव ओच्यात घेतले आणि पोरांना पुढे घालून ती उंचावर राहणाऱ्या नातेवाइकांकडे निघून गेली. ताईआत्या तेव्हा शाळेत होती. परत आल्या तेव्हा घरात घर नव्हतं, चिखल होता. त्या चिखलाचा वास, ताईआत्या सांगते, पुढची कितीतरी वर्षं पावसाळ्यात भिंतींतून यायचा. धरणंच गेल्यामुळे शहराला पाणी नव्हतं. पेठांतल्या जुन्या विहिरी उपसून लोक चिखल धूत होते. कोपरापर्यंत हात घालून आजी एकेक भांडं चाचपून बाहेर काढत होती. आपली अर्धी भांडी सापडलीच नाहीत. आणि ही तपेली सापडली, जी आपली नव्हती.

ज्या घरातून वाहून आली ते घर कुठलं, किती दूरचं, राहिलं की पडलं, काहीच कळायला मार्ग नव्हता. आजोबांनी आळीत विचारलं, पलीकडच्या पेठेत विचारलं. पुढे पूरग्रस्तांसाठी गोखलेनगरची वस्ती झाली, तेव्हा तिथे जाऊनही चौकशी केली. त्या आडनावाची माणसं भेटली, पण त्या नावाची बाई भेटली नाही. आजीने तपेली घासूनपुसून फडक्यात बांधून ठेवली. घरात भांड्यांची इतकी ओढ होती की शेजारच्या घरून पातेली मागून आणून पहिला भात शिजला. तरी तिच्यात काही शिजवलं नाही.

"पण कल्हई लावायची," ताईआत्या म्हणाली.

"न वापरता?"

"दर वर्षी. आपल्या भांड्यांबरोबर तिलाही लावायची. आई म्हणायची, ती बाई आलीच न्यायला तर कळकट भांडं हातात काय द्यायचं? नेऊन लगेच चुलीवर ठेवता आलं पाहिजे तिला."

मी तपेलीच्या आत पाहिलं. सगळ्या पितळेत तेवढी एकच आतून पांढरी होती. थोडी मंद, थोडी राखी, पण पांढरी. घासणी लागली नव्हती, पळी लागली नव्हती, चिंच लागली नव्हती. आजी गेली १९८४ साली. कल्हईवाला त्यानंतर यायचा थांबला. म्हणजे चौकातल्या धुरात डोळे चोळत मी उभी असताना जी भांडी आगीवरून पाण्यात जात होती, चर्र होत होती, त्यांत दर खेपेला एक या अनोळखी बाईचं होतं, आणि ते मला माहीत नव्हतं. मी तो आवाज ऐकला आहे. तो वास घेतला आहे. माझ्या सणाच्या आनंदात तिचं भांडं होतं. आणि तिच्या दिवाळीत?

त्या संध्याकाळी वहिनीने खडूच्या त्या तीन चौकोनांकडे पाहिलं, तपेलीकडे पाहिलं, आणि काही न बोलता ती उचलून देवघराच्या कट्ट्यावर ठेवली. ठेवायची म्हणावी तर ती आपली नाही. विकायची नाही, हे उघडच. आणि द्यायची तर एकीलाच, जिचा पत्ता नाही.

त्यानंतरचं वाटप सोपं झालं, म्हणजे भराभर झालं असं नव्हे, पण झालं. प्रत्येक भांड्याला हात लावताना आम्ही एवढंच विचारत गेलो की याच्यात उद्या काही शिजणार आहे का, आणि कुणाकडे. मोदकपात्र आणि पुरणयंत्र भाचीने नेलं. परात वहिनीने ठेवली. कणीक परातीतच मळावी यावर तिचं आणि माझं एकमत आहे. पाटा-वरवंटा कामाला येणाऱ्या मावशींनी मागितला. मिक्सरच्या चटणीला ती चव येत नाही म्हणाल्या, आणि मुलाला रिक्षा घेऊन बोलावलं. हंडे, घंगाळ, फुटक्या कळश्या मोडीत गेल्या, त्यांतल्या नावांची मी आधी वहीत नोंद करून घेतली. मोडवाला थांबला बिचारा तेवढा वेळ. काशाची वाटी ताईआत्याने पिशवीत घातली, कुणी काही म्हणायच्या आत. जातं अजून माजघरातच आहे. ते उचलायला चार माणसं लागतील आणि त्याचं काय करायचं हे चौघांनाही ठरवता येत नाही.

तपेलीला मी कल्हई लावून घेतली. त्यासाठी बरंच शोधावं लागलं. आळी कुठली होती, माणूस कोण होता, ते सांगत बसत नाही. भट्टी होती, भात्याच्या जागी विजेचा पंखा होता, नवसागर तोच होता. मी जवळ उभी राहिले.

आता ती माझ्याकडे आहे, आणि हे वाचणाऱ्या तुम्हाला मला एक विचारायचं आहे. तुमच्या आजीच्या, पणजीच्या, सासूबाईंच्या बोलण्यात कधी आलं होतं का, की एकसष्टच्या पुरात घरातली भांडी गेली, त्यांत एक मध्यम आकाराची पितळी तपेली होती? काठाला एका जागी पोचा आहे, बहुधा पुराच्या आधीचा, कारण तो आतून ठोकून नीट केलेला आहे. गळ्याखाली एका बाईंचं नाव आहे, आडनावासकट, आणि खाली ती कुणी दिली तेही आहे. ते नाव मी इथे मुद्दामच लिहीत नाही. ते तुम्ही सांगायचं.